पटसंख्या घटते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. १९६० च्या सुमारास दक्षिण कोरियात एका स्त्रीला सरासरी सहा मुले होत असत. १९६२ पासून तेथे सरकारी कुटुंबनियोजनाची मोहीम सुरू झाली आणि पंचवीस वर्षांच्या आतच हे प्रमाण दोनच्याही खाली गेले. खाणारी तोंडे कमी आणि कमावते हात जास्त, असा तो काळ होता. परंतु केवळ जन्म घटल्याने देश पुढे गेला, असे म्हणता येणार नाही. एकेका वर्गात साठ-साठ मुले दाटीने बसवून का होईना, त्या देशाने प्राथमिक शिक्षण आधी सर्वांपर्यंत नेले, पुढे माध्यमिक आणि मग उच्च शिक्षणाचा विस्तार केला. म्हणूनच कापड आणि केसांचे टोप निर्यात करणारा देश पुढच्या पिढीत जहाजे आणि संगणकाच्या चिप बनवू लागला.

आज तेथील चित्र काळजीचे आहे. २०२३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी मुलांचे हे प्रमाण, म्हणजेच प्रजनन दर, ०.७२ इतका खाली आला. खाजगी शिकवण्यांचा खर्च आईवडिलांना झेपेनासा झाला आहे. या शिकवण्या रात्री दहानंतर चालवू नयेत, असा नियम सोल शहराला करावा लागला. उच्चशिक्षित स्त्रीला बाळंतपणानंतर पूर्वीच्या तोडीची नोकरी मिळणे कठीण जाते. अशा वेळी दोष मुलींच्या शिक्षणाला देणे मला सर्वस्वी अन्यायाचे वाटते. बदलायला हवी होती ती कामाची जागा आणि घरातली कामाची वाटणी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७ आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखणाऱ्या २.१ या पातळीच्या खाली. आज पहिलीत बसलेले मूल कमावते होईल, तेव्हा त्याच्या कमाईवर आजच्यापेक्षा अधिक वृद्ध अवलंबून असतील. त्यामुळे कमी पटसंख्येच्या जिल्हा परिषद शाळांकडे केवळ खर्चाची बाब म्हणून पाहणे मला चुकीचे वाटते. वर्गात पंधराच मुले असतील, तर हातच्याच्या वजाबाकीत कोणते मूल नेमके कुठे अडते, हे शिक्षकाला त्याच्या शेजारी बसून पाहता येते. ही संधी साधायची, तर शिक्षकांवरचा माहिती भरण्याचा बोजा कमी करावा लागेल. आणि जेथे शाळा एकत्र करणे खरोखरच अटळ असेल, तेथे दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, प्रवासाची सोय आधी झाली पाहिजे आणि मगच जुनी शाळा बंद व्हावी.