बंद खाणी बघायला गेलो त्याची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

माझं लहानपण वणीच्या कोळसापट्ट्यात गेलं. आमच्याकडे पाहुणे आले तर दाखवणार काय? दोरीवरच्या धुतल्या चादरीवर संध्याकाळपर्यंत धरलेली काजळी, नाहीतर रस्त्यापलीकडचा ओबीचा डोंगर. ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशापर्यंत पोचण्यासाठी उपसून टाकलेली माती. त्यामुळे डॉर्टमुंडला शिकणारा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, या तर खरं, तुम्हाला बंद पडलेल्या खाणी दाखवतो," तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, अरे, त्या बघायला विमानाचं तिकीट कशाला?

पण गेलो. जर्मनीतला हा रुहर प्रदेश. डॉर्टमुंड, बोखुम, एसेन, ओबरहाउसेन, डुइसबुर्ग, अशी लहानमोठी ५३ गावं आणि शहरं, वस्ती ५० लाखांच्या घरात. दादरहून ठाण्याला जाताना एक गाव कुठे संपलं नि दुसरं कुठे लागलं ते जसं कळत नाही, तसंच इथे. स्टेशनावरची पाटी वाचायची, म्हणजे शहर बदललं हे समजतं.

पहिल्या दिवशी एसेनची त्सोलफेराइन खाण. तिचा १२ नंबरचा शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, १९३२ साली सुरू झाला. दिवसाला १२,००० टन कोळसा वर यायचा. १९८६च्या डिसेंबरात खाण बंद झाली आणि २००१ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. आपल्या अजिंठ्याच्या यादीत, एक कोळशाची खाण! शाफ्टच्या तोंडावरचा ५५ मीटर उंच लोखंडी मनोरा, म्हणजे हेडगिअर, लांबूनच दिसतं. वॉशरीच्या, म्हणजे कोळसा धुण्याच्या, इमारतीत आता संग्रहालय आहे. तिथे नारिंगी उजेडाच्या लांबलचक सरकत्या जिन्यावरून वर जायचं.

खरं सांगू? मला जिन्यापेक्षा आंघोळीची जागा जास्त आवडली. शिफ्टला जाताना कामगार अंगावरचे चांगले कपडे आकड्याला अडकवायचा आणि साखळी ओढून पार छताशी नेऊन कुलूप लावायचा. कपाट नको, जागा नको, आणि वरच्या उबेत कपडे कोरडे राहतात. त्सोलफेराइनच्या त्या न्हाणीघरात आज नृत्याच्या तालमी चालतात, पण भिंतीवरच्या पांढऱ्या फरशा आणि साबण ठेवायच्या खाचा तशाच आहेत.

आमच्याबरोबर फिरणारे आजोबा स्वतः खाणीत काम केलेले. बोलता बोलता त्यांनी बाही वर केली. मनगटाजवळ एक निळसर काळी रेघ. खाणीत जखम झाली आणि ती धुवायच्या आत कोळशाची भुकटी शिरली, तर कातडी तिच्यावरच जुळून येते. डाग जन्मभराचा. माझे बाबा टिंबर मिस्त्री होते, खाणीच्या छताला लाकडाचे टेकू देणारे. त्यांच्या भुवईवर असाच डाग होता. शाळेच्या फोटोत तो शाईचा वाटतो म्हणून मी एकदा रबराने खोडायला गेलो होतो. भाच्याने हे आजोबांना जर्मनमध्ये सांगितलं. ते नुसते म्हणाले, "ग्लुक आउफ." खाणवाल्यांचा नमस्कार तो. नीट वर या, असा त्याचा भाव.

बाकीचं थोडक्यात सांगतो. डुइसबुर्गला १९८५ मध्ये बंद पडलेला लोखंडाचा कारखाना आता बाग आहे. झोतभट्टीवर चढता येतं, आणि गॅसच्या जुन्या टाकीत २ कोटी लिटरहून जास्त पाणी भरून तिथे लोक पाण्याखाली बुडी मारायचा सराव करतात. ओबरहाउसेनची गॅसची टाकी तर ११७ मीटर उंच, आत प्रदर्शनं भरतात. बोखुमच्या खाण संग्रहालयाखाली बोगद्यांतून हिंडता येतं, पण तिथे कोळसा कधी निघालाच नाही. ती दाखवण्यापुरतीच खणलेली खाण. छान आहे, तरी मला जरा नाटकाच्या सेटसारखी वाटली.

एम्शर नदी मात्र बघाच. खाली पोकळ झालेली जमीन ठिकठिकाणी खचत होती, काही जागी २० मीटरहून जास्त. गटाराचे पाइप पुरले तर फुटणार. म्हणून शंभरेक वर्षं सगळ्या शहरांचं सांडपाणी या नदीतून उघड्यावर वाहिलं. खाणी थांबल्यावर जमीन स्थिरावली आणि १९९२ पासून काम चालवून सांडपाण्यासाठी जमिनीखालून ५१ किलोमीटरचा वेगळा मार्ग काढला. आता काठावरून सायकली जातात. पाणी उपसणारे पंप मात्र कायमचे. ते थांबले तर खचलेल्या भागात पाणी साचून तळी होतील. खाण बंद करणं म्हणजे गेटला कुलूप ठोकणं, असं आम्ही वणीत समजत होतो.

शेवटच्या दिवशी बोट्रोपला गेलो. रुहरमधली शेवटची कोळसा खाण इथलीच, २०१८च्या डिसेंबरात बंद झाली. तिथल्या दगडमातीच्या ढिगावर, म्हणजे आमच्या भाषेत ओबीवरच की, लोखंडी नळ्यांचा एक मोठा पिरॅमिड उभा केलाय. आतले सज्जे तारांना टांगलेले, वारा आला की हलतात. पायाखाली जाळी, जाळीखाली काहीच नाही. भाचा पार वर गेला. तिथून सगळा मुलूख दिसतो म्हणे. मी पहिल्या सज्ज्यावर कठडा धरून उभा राहिलो. तिकीट नाही, घाईही नाही, आणि श्रोतेहो, पहिल्या सज्ज्यावरूनही बरंच दिसतं.

नमस्कार.