चार वर्षांचे शौर्य

मुंबईत अंधेरीला एक ‘चेशायर होम’ आहे. १९५० च्या दशकात अपंग आणि दीर्घ आजारी माणसांसाठी सुरू झालेल्या या घराला ज्यांचे नाव आहे, ते लेनर्ड चेशायर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक होते.

पहिला मोठा सन्मान त्यांना तेविसाव्या वर्षी मिळाला. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनीतील कोलोन शहरावरील मोहिमेत तोफगोळ्याच्या स्फोटाने त्यांच्या व्हिटली विमानाच्या कुशीला मोठे भगदाड पडले, आत आग लागली आणि बिनतारी संदेश पाठवणारा सहकारी गंभीर भाजला. तरीही चेशायर यांनी ते विमान इंग्लंडला परत आणले. त्याबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, म्हणजे डीएसओ, देण्यात आला. इतक्या कनिष्ठ अधिकाऱ्याला तो क्वचितच मिळे. पुढे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला आणि डीएसओ आणखी दोनदा. तोच सन्मान पुन्हा मिळाला, की नवे पदक न देता फितीवर एक पट्टी चढवतात. तिला ‘बार’ म्हणतात.

१९४३ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, ते ग्रुप कॅप्टन झाले आणि हवाई तळाचा कारभार त्यांच्याकडे आला. तिथे थांबले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण ६१७ स्क्वाड्रन या बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीचे नेतृत्व करता यावे म्हणून त्यांनी एक पायरी खाली उतरून पुन्हा विंग कमांडर होणे पत्करले. फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधील लिमोज येथे विमानाची इंजिने बनवणाऱ्या कारखान्यावर हल्ला करायचा होता आणि आत रात्रपाळीला फ्रेंच स्त्रिया होत्या. त्यांना बाहेर पळता यावे म्हणून चेशायर यांनी आधी अगदी खालून कारखान्यावर तीन फेऱ्या मारल्या आणि मगच लक्ष्य दाखवणारे प्रकाशगोळे टाकले. या फेऱ्यांचे मोल मला कोणत्याही पदकाहून कमी वाटत नाही.

सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचे सर्वोच्च ब्रिटिश पदक, जाहीर झाला. हे पदक बहुधा एखाद्या क्षणी केलेल्या अचाट कृत्यासाठी दिले जाते. चेशायर यांच्या प्रशस्तिपत्रात एप्रिलमधील म्युनिकच्या हल्ल्याचे सविस्तर वर्णन आहे, ज्यात शोधदिव्यांच्या झोताने डोळे दिपून विमानावरचा त्यांचा ताबा जवळजवळ सुटला होता. तरीही गौरव त्या एका रात्रीचा नव्हे, तर चार वर्षे आणि शंभर मोहिमा टिकून राहिलेल्या धैर्याचा आहे. बॉम्बर कमांड, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाच्या, सुमारे सव्वा लाख वैमानिक आणि विमानसैनिकांपैकी पंचावन्न हजारांहून अधिक मारले गेले. अशा दलात आज वाचलेल्या माणसाने उद्या पुन्हा विमानात चढायचे, आणि तेही शंभर वेळा, याचा अर्थ प्रशस्ती लिहिणाऱ्यांना उमगला होता.

१९४५ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात पदक स्वीकारताना त्यांच्यासोबत तोच क्रॉस मिळालेले विमानसैनिक नॉर्मन जॅक्सन होते. जळत्या लँकेस्टर विमानाची आग विझवण्यासाठी ते उडत्या विमानाच्या पंखावर उतरले होते, आणि त्यात त्यांचे हात कायमचे जायबंदी झाले होते. जॅक्सन पुढे सांगत असत, की चेशायर यांनी राजाला विनंती केली: या माणसाने माझ्यापेक्षा मोठा धोका पत्करला आहे, पदक आधी त्याला द्या. शिष्टाचारामुळे राजाला ते करता आले नाही.