बोलू नका, वल्ह्यांचा आवाज येऊ द्या

(इटालियन माहितीपटकार व्हित्तोरियो दे सेताच्या फिल्मांवरच्या आमच्या फिल्मचं निवेदन. समुद्र. बुटकी काळी होडी. पहिले दहा सेकंद निवेदन नाही.)

डोलकाठीच्या टोकाला एक माणूस चिकटलाय. केव्हापासून वर आहे, फिल्म सांगत नाही. खाली मेसिनाची सामुद्रधुनी. एका हाताला सिसिली, दुसऱ्या हाताला कालाब्रिया, म्हणजे इटलीच्या बुटाचा चवडा. तो शोधतोय पाण्याखालची एक सावली. तलवार मासा. दिसला की हा ओरडेल, आणि त्याच्या ओरडण्यावर खालची होडी वळेल. वल्हवणाऱ्यांना मासा दिसत नाही. त्यांना फक्त आवाज ऐकू येतो.

(आरोळी. होडी वळते. भाला लागेपर्यंत गप्प.)

साल 1954. कॅमेरा व्हित्तोरियो दे सेताच्या हातात. दिग्दर्शन त्याचं, संकलनही त्याचंच. 1923 साली पालेर्मोत, उमराव घराण्यात जन्मलेला, रोममध्ये वास्तुकला शिकलेला, युद्धात जर्मनांच्या कैदेत राहून आलेला हा माणूस. 1954 ते 1959 या काळात त्यानं सिसिली, सार्डिनिया आणि कालाब्रियात दहा छोट्या फिल्म केल्या. एकेक साधारण दहा मिनिटांची. कोळी, गंधकाच्या खाणीतले मजूर, गहू कापणारे, मेंढपाळ. सुरुवातीला पडद्यावर चार ओळींचा मजकूर येतो, आणि त्यानंतर बहुतेक ठिकाणी निवेदक नाहीच.

तेव्हा ही साधी गोष्ट नव्हती. इटलीत मुख्य सिनेमाआधी लघुपट दाखवले जायचे, आणि त्यांत एक भारदस्त आवाज सगळं समजावून सांगायचा. आपल्याकडच्या जुन्या प्रेक्षकांना हे वेगळं सांगायला नको. मुंबईत 1948 साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं, आणि पुढे कित्येक वर्षं धरण असो, भातशेती असो, तोच एक खर्जातला आवाज. पाटी दिसतेय, तरी पाटीवर काय लिहिलंय तेही सांगणारा.

दे सेतानं तो आवाज काढून टाकला. आता त्याच्यावर आम्ही निवेदन लिहितोय, यातली गंमत आम्हालाही कळते.

(मूळ फिल्म : हात, दोर, चेहरे.)

मग आवाजाचं काय केलं? त्या काळचा मोठा कॅमेरा खडखडायचा. चित्र आणि आवाज एकाच वेळी घेणं अशा ठिकाणी जवळजवळ अशक्य. म्हणून चित्र वेगळं, आवाज वेगळा. टेपरेकॉर्डर घेऊन तो त्याच माणसांची गाणी, हाका, हत्यारांचे आवाज मुद्रित करायचा आणि नंतर संकलनाच्या टेबलावर दोन्ही जुळवायचा. तेव्हा जे 'जसंच्या तसं' वाटतं, ते बारीक हातानं शिवलेलं आहे. टाका दिसत नाही, एवढंच.

(गव्हाचं शेत. हे दृश्य पूर्ण ठेवा.)

1955. 'पाराबोला दोरो'. सोनेरी बोधकथा म्हणा हवं तर. मराठी माणसाला इथं तळटीप लागत नाही. विळा, पेंढ्या, खळं, मळणी, उफणणी. शब्द आपोआप तोंडात येतात. सिसिलीत कापणी करणारे डाव्या हाताच्या बोटांवर वेळूच्या नळ्या चढवायचे, मूठ धरताना विळा लागू नये म्हणून. बोटाएवढी पोकळ काडी, हेच चिलखत.

आणि खळ्याकडे नीट बघा. आपल्याकडे मधोमध तिवडा, त्याच्याभोवती बैल. इथं तिवडा नाही. मधे माणूस उभा राहतो, हातात दोर, आणि खेचरं त्याच्याभोवती फिरतात. माणूसच तिवडा. तो गातो, संतांना हाका मारतो, वाऱ्यालाही. वारा पडला तर उफणणी अडते, हे कुणाला सांगायचं? ते गाणं करमणुकीचं नाही. ते कामाचं एक अवजारच आहे, विळ्यासारखं.

(गाणं. तीस सेकंद. कृपया आवाज खाली घेऊ नका.)

आता ट्यूनाची मासेमारी. 'कोंतादिनी देल मारे', समुद्रातले शेतकरी. पाण्यात जाळ्यांची एकापुढे एक दालनं, आणि शेवटचं दालन मृत्यूचं. भोवती होड्यांचा चौकोन. या सगळ्यांचा म्होरक्या तो 'राइस'. अरबी शब्द, सिसिलीवरच्या अरब अमलाच्या काळापासून तिथंच राहिलेला. आपल्याकडे तोच 'रईस' श्रीमंत झाला. तिकडे तो समुद्रावरच राहिला. कोकणातल्या माणसानं सरळ तांडेल समजावं.

(जाळं वर येतं.)

जाळं ओढायला यंत्र नाही. 'चालोमे' आहेत, म्हणजे ओढताना म्हणायची गाणी. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची, आणि त्या झेलण्यावर सगळ्यांनी एकदम ओढायचं. सूर चुकला तर ओढ चुकते. तळ हळूहळू वर येतो, पाणी उकळल्यासारखं पांढरं होतं, आणि मग माशांवर लोखंडी आकडे पडतात. पाण्याचा पुढचा रंग तुम्हाला दिसतोच आहे.

(विराम.)

गंधकाच्या खाणीची 'सुर्फारारा'ही 1955चीच. अंधार, उतार, घामेजलेल्या पाठी. एक खरं, की या फिल्ममध्ये मालक कुठंच दिसत नाही. मजुरी किती, खाण कुणाची, हे दे सेता विचारत नाही. त्याच्यावर हा आक्षेप घेता येतो. पण पाठी इतक्या जवळून दाखवल्यावर मालकाचा फोटो लावायलाच हवा होता, असं आम्हाला वाटत नाही.

पुढचं थोडक्यात. खाणी 1980च्या दशकापर्यंत बंद पडल्या, फाविन्यानाच्या बेटावर 2007 साली शेवटची ट्यूनाची पकड झाली, आणि गावंच्या गावं मिलान, तोरिनो, जर्मनी, बेल्जियमला कामाला गेली.

(आजची मेसिनाची सामुद्रधुनी. फेरीबोटीवरून.)

तलवार मासा पकडणारी ही बोट आम्हाला फेरीबोटीवरून दिसली. डोलकाठी आता लोखंडी जाळीची, सुकाणूही वरच. भालावाला लांबलचक सांगाड्याच्या टोकाला पाण्यावर अधांतरी उभा. इंजिनच्या घरघरीत आरोळी ऐकूच येत नाही. आमचा ध्वनिमुद्रक इथं हिरमुसला.

(अखेरचा भाग : 'ई दिमेंतिकाती', विसरले गेलेले, 1959.)

कालाब्रियाच्या डोंगरातलं अलेस्सांद्रिया देल कार्रेत्तो. रस्ता तेव्हा अर्ध्यावरच संपलेला. पुढं खेचरं आणि पाय. वसंतात इथले लोक जंगलातून एक अख्खं फर जातीचं झाड हातांनी ओढून गावात आणतात आणि तीन मेला, गावच्या संताच्या सणाला, उभं करतात. रस्त्यानं नाकारलेलं गाव, आणि त्या न झालेल्या रस्त्यावरून एवढं झाड. ओढणाऱ्यांच्या बरोबर झांपोन्या वाजतोय, कातडी पिशवीतून फुंकायचं वाद्य.

झाड उभं राहिलं की तरुण त्यावर चढतात. खालचे लोक मान वर करून बघतात. सुरुवातीला डोलकाठीवरचा माणूस खाली बघत होता, आठवतं?

(निवेदन इथं संपलं. श्रेयनामावलीपर्यंत मूळ आवाज. संगीत टाकू नये.)