नाळेतल्या रक्तातलं कोलेस्टेरॉल

नवव्या महिन्यातल्या आईचं एकूण कोलेस्टेरॉल अनेकदा 240-250 च्या पुढे गेलेलं असतं. एरवी असा रिपोर्ट आला, तर घरातल्या तुपाची बरणी त्याच दिवशी वरच्या फळीवर जाईल. गरोदरपणात मात्र ही वाढ अपेक्षितच आहे. आता मध्ये फक्त वार (प्लॅसेंटा), आणि तिच्या पलीकडे बाळाचं रक्त. तिथे हाच आकडा असतो साधारण 60 ते 70.

तो मोजायला बाळाला सुई टोचावी लागत नाही. नाळ कापल्यावर वारेकडच्या भागात उरलेलं रक्त पुरतं. त्यातलं एलडीएल, म्हणजे ज्याच्या नावाने सगळे खडे फोडतात ते ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 100 मिलिलिटरमागे जेमतेम 25-30 मिलिग्रॅम.

मग बाळाला कमी पडतं का? तसं नाही. गर्भ आपलं बहुतेक कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो, आणि खर्चही भरपूर करतो. पेशींची आवरणं, वाढता मेंदू... आणि या अधिवृक्क ग्रंथी, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या. गर्भात त्या शरीराच्या मानाने अवाढव्य असतात आणि संप्रेरकं बनवायला रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. ज्या दुर्दैवी बाळांमध्ये मेंदूची वाढच होत नाही, त्यांच्या या ग्रंथी खुरटलेल्या राहतात. अशांच्या नाळेतल्या रक्तात एलडीएल जास्त सापडलं, तेव्हा खर्चाची ही बाजू उघड झाली.

टेक्सासमधलं डॅलस. पेशींवरचे एलडीएल पकडणारे रिसेप्टर मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी इथे शोधले. 1985 चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांच्या हिशेबाने पेशींची गरज भागायला 100 मिलिलिटर रक्तात 25 मिलिग्रॅम एलडीएल पुरे. नवजात बाळ नेमकं तिथेच असतं. मोठेपणी आपल्या रक्तात फिरतं त्यातलं बरंचसं वरकडच म्हणायचं.

जन्मानंतर आकडा झपाट्याने चढतो. आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते, आणि त्यात कोलेस्टेरॉलही असतं. पावडरच्या दुधात ते फारच कमी. त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळाचं कोलेस्टेरॉल डब्याच्या दुधावरच्या बाळापेक्षा जास्त भरतं. घाबरू नका. पुढे मोठेपणी हीच मुलं या बाबतीत किंचित उजवी ठरतात. आणि बाळंतिणीच्या ताटातलं तूप काढून घेतलं, तरी दुधातल्या कोलेस्टेरॉलला फारसा फरक पडत नाही.

खरा प्रश्न आहे तो आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉलचा. सदोष जनुकामुळे काम करणारे रिसेप्टर निम्मेच. साधारण 250 ते 300 माणसांत एकाला. नाळेतल्या रक्तावरून तो जन्मताच ओळखता येईल, अशी आशा 1970 च्या दशकात होती. ती फळली नाही. इतक्या खालच्या पातळीवर निरोगी आणि बाधित बाळांचे आकडे एकमेकांत मिसळतात. आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला, तरच आकडा सुरुवातीपासून ठळक दिसतो, आणि असं फार क्वचित घडतं.

म्हणूनच स्लोव्हेनियात 1995 पासून सरसकट तपासणी होते ती पाचेक वर्षांच्या मुलांची. आपल्याकडे अशी सोय नाही. पण घरात कुणाला चाळिशीतच हार्ट अटॅक आलेला असेल, तर मूल दोन वर्षांचं झालं की लिपिड प्रोफाइलबद्दल बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारा.