फ्लॅगस्टाफच्या जंगलात रात्रीची जागा कशी शोधायची

नमस्कार मंडळी. फिनिक्स, चँडलर, गिल्बर्ट, जिथे कुठे बसून ऐकताय तिथे एसी चालू असणार हे मला माहितीये. पारा 110 फॅरनहाइटच्या वर गेला की आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच, वीकेंडला वर जाऊया का. वर म्हणजे ॲरिझोनाच्या उत्तरेचं फ्लॅगस्टाफ. आय-17 ने सव्वादोन-अडीच तासांत आपण जवळजवळ 7,000 फुटांवर पोचतो, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच, आणि गाडीचं दार उघडलं की थेट पाइनचा वास. पण मग हॉटेलचे रेट बघितले की पोटात गोळा येतो, आणि सोयीचे कॅम्पग्राउंड तर कधीचे बुक झालेले असतात, त्यामुळे बरेच जण संध्याकाळी जेवून परत खाली उतरतात.

तर आज मला बोलायचंय ते डिस्पर्स्ड कॅम्पिंगबद्दल. शहराच्या चहूबाजूंनी जे जंगल पसरलंय ते कोकोनिनो नॅशनल फॉरेस्ट, 1908 सालचं, अठरा लाख एकरांहून जास्त, आणि ते सरकारी म्हणजे सगळ्यांचं आहे. त्यात कॅम्पग्राउंडच्या बाहेर, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत तुम्ही तंबू ठोकून राहू शकता. बुकिंग नाही, पैसे नाहीत. नळ, संडास, टेबल, कचऱ्याचा डबा यातलंही काहीच नाही. 30 दिवसांत 14 दिवस राहता येतं, त्यापुढे नाही. आपल्यातल्या खूप लोकांना वाटतं की असं कुठेही राहणं बेकायदेशीर असेल, रात्री पोलीस येऊन उठवतील. तसं नाहीये, फक्त कुठे चालतं आणि कुठे चालत नाही हे आधी बघावं लागतं, आणि ते घरी बसून बघायचं, अंधारात जंगलात फिरत नाही.

आता लोक काय करतात, ॲपवर कुणीतरी टाकलेला पिन बघतात, फाइव्ह स्टार, सुंदर फोटो, आणि निघतात. त्याच पिनकडे अजून चाळीस गाड्या निघालेल्या असतात. मला पिनचा राग नाही, पण पिन टाकणारा माणूस दोन वर्षांपूर्वी तिथे होता, तो रस्ता आज उघडा आहे की नाही ते पिनला कळत नाही. मी तुम्हाला सांगेन की फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटर व्हेइकल यूज मॅप डाउनलोड करा. फुकट असतो, एव्हेन्झा ॲपमध्ये घेतला की फोनला रेंज नसली तरी तुमचा निळा ठिपका नकाशावर दिसत राहतो, आणि रेंज नसणारच आहे.

हा नकाशा दिसायला अगदी रुक्ष, काळा-पांढरा, डोंगर नाही दऱ्या नाहीत, पहिल्यांदा बघितलं की वाटतं यातून काय कळणार. पण त्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्या दुसरीकडे मिळत नाहीत. पहिली, जो रस्ता या नकाशावर नाही तो गाडीसाठी बंद आहे, मग जमिनीवर चाकोऱ्या कितीही ताज्या दिसू देत आणि बोर्ड असो वा नसो. दंड होऊ शकतो आणि बोर्ड नव्हता हे कारण चालत नाही. दुसरी, काही रस्त्यांच्या कडेने बारीक ठिपके काढलेले असतात. त्या रस्त्यांवरून कॅम्पिंगसाठी गाडी थोडी आत नेता येते, किती फूट ते नकाशाच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. ठिपके नसलेल्या रस्त्यावर गाडी कडेलाच लावायची आणि तंबू पायी आत न्यायचा. एवढं समजलं की अर्धं काम झालं.

मग रस्त्यांचे नंबर बघायचे. मोठ्या फॉरेस्ट रोडला साधा नंबर असतो, समजा 231, आणि त्याला फुटलेल्या छोट्या फाट्यांना त्याच नंबरपुढे ए, बी, सी असं अक्षर. जागा असतात त्या बहुतेक या अक्षरवाल्या फाट्यांवर. मुख्य रस्त्यावर शनिवारी दिवसभर धुरळा उडतो, त्यामुळे कडेला पहिली जागा दिसली म्हणून थांबू नका, फाट्यावर आत जा. जमिनीवरच्या पाटीवर नंबर आडवा लिहिलेला असेल तर साधारण तुमची कॅमरी किंवा अकॉर्ड जाऊ शकते. उभा लिहिलेला असेल, एकाखाली एक आकडे, तर तो रस्ता उंच गाडीसाठी आहे, तिथे सेडान घालू नका.

एव्हेन्झामध्ये फाटा ठरला की सॅटेलाइट व्ह्यू उघडून तोच फाटा शोधायचा. झाडांच्या मध्ये फिकट, उघडे, गाडीच्या मापाचे डाग दिसतात, त्या आधी लोक राहून गेलेल्या जागा. त्याच हव्यात आपल्याला. हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण नवीन माणसाला नेहमी वाटतं की कुणीच न गेलेली हिरवीगार जागा शोधावी. गवताच्या मोकळ्या माळावर एकदा ओल्या जमिनीत गाडी गेली की चाकाचे चर वर्षानुवर्षं राहतात, मग त्यातूनच दुसरी गाडी जाते, तिसरी जाते. जिथे माती आधीच दाबली गेलीये, दगडांची चूल आधीच आहे, तिथेच झोपा. नवी चूल मांडू नका.

अशा तीन जागा निवडा, एक नको, कारण पहिली शुक्रवारी संध्याकाळी भरलेली असणार. आणि उजेड असताना पोचा. आपल्याकडे ॲरिझोनात घड्याळ पुढे-मागे होत नाही, जूनमध्ये पावणेआठच्या सुमाराला सूर्य मावळतो, तर निदान सहाला फाट्यावर असाल असं निघा. गुरुवारी निघता आलं तर फारच छान.

जंगलाच्या आत सगळी जमीन फॉरेस्टची नसते हेही बघा. वॉलनट कॅनियन, सनसेट क्रेटर हे नॅशनल मॉन्युमेंट, तिथे नॅशनल पार्क सर्व्हिसचे नियम, असं कुठेही झोपता येत नाही. फ्लॅगस्टाफच्या उत्तरेला काही तुकडे स्टेट ट्रस्ट लँडचे आहेत, त्याला राज्याची वेगळी परमिट लागते. अजून पुढे गेलं की नावाहो नेशन सुरू होतं, तो त्यांचा देश, त्यांची परवानगी. सेडोनाच्या बाजूला बऱ्याच भागात डिस्पर्स्ड कॅम्पिंग बंदच केलेलं आहे, इतकी गर्दी झाली. आणि सॅन फ्रान्सिस्को पीक्स, जो डोंगर आपण फोटोत मागे घेतो ना, तो नावाहो, होपी आणि इतर बऱ्याच जमातींसाठी पवित्र आहे. देवाच्या डोंगरावर कसं वागायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

निघायच्या आधी रेंजर स्टेशनला फोन. आपण सह्याद्रीत पायथ्याच्या गावात पहिल्या घरासमोर उभं राहून वाट कुठून जाते हो असं विचारतो ना, तसंच हे. ऑफिसच्या वेळेत, कामाच्या दिवशी करा. विचारायचं की आगीचे निर्बंध कुठल्या स्टेजला आहेत, अमुक नंबरचा रस्ता उघडा आहे का, त्या बाजूला झाडं विरळ करायचं काम किंवा फॉरेस्ट सर्व्हिसनेच सुकलेला पाचोळा जाळायला मुद्दाम लावलेली आग चालू आहे का. इथे गेली कित्येक वर्षं जंगल विरळ करण्याचं मोठं काम चाललंय, लाकडाचे ट्रक एखाद्या फाट्यावर दिवसभर ये-जा करतात, ते पिनवाल्याला माहीत नसतं पण फोनवरच्या बाईंना माहीत असतं. आणि त्या खूप आपुलकीने सांगतात, तुमची गाडी कुठली हे विचारून सांगतात.

आता आगीबद्दल, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मे-जूनमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आधी, हे जंगल चुरचुरीत सुकलेलं असतं. स्टेज वन लागली की डिस्पर्स्ड जागेवर लाकडाची शेकोटी बंद, कोळशाची शेगडीही बंद. म्हणजे कणसं भाजायला कोळसे घेऊन निघाला असाल तर ते घरीच राहू द्या. बंद करायचा कॉक असलेला गॅसचा स्टोव्ह साधारण चालतो, त्यावर पोहे, चहा, खिचडी सगळं होतं. 2010 च्या जूनमध्ये कुणीतरी शेकोटी न विझवता निघून गेलं आणि शुल्ट्झ फायर लागली, 15,000 एकर जळालं. पण त्याने संपलं नाही. पुढच्या महिन्यात पावसाचं पाणी त्या उघड्या पडलेल्या उतारावरून खाली वस्तीत आलं आणि त्या पुरात एक बारा वर्षांची मुलगी वाहून गेली. मग 2022 चा जून, पाइपलाइन फायर, 26,000 एकरांहून जास्त, माणसांना घरं सोडून जावं लागलं, आणि सुरुवात कशाने झाली, तर कॅम्पिंगला आलेल्या एका माणसाने टॉयलेट पेपर जाळला आणि त्याला वाटलं तो विझला. त्या वर्षीही नंतर पूर आले, शहरातल्या घरांत पुन्हा पुन्हा चिखल शिरला. ही दोन्ही माणसं तुमच्या-माझ्यासारखी वीकेंडला जंगलात आलेली असणार, हे मला विसरता येत नाही.

म्हणून संडासचं नीट समजून घ्या, लाजायचं काही कारण नाही. छोटं फावडं न्यायचं, सहा ते आठ इंच खोल खड्डा, पाण्यापासून, पायवाटेपासून आणि आपल्या तंबूपासून 200 फूट लांब, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण सत्तर पावलं. काम झालं की माती लोटायची. कागद झिपलॉकच्या पिशवीत घालून परत आणायचा, जाळायचा नाही. लहान मुलांचे डायपरही परत. निर्बंध नसताना शेकोटी केलीच तर झोपायच्या आधी पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेला हात लावून बघा. हाताला गरम लागलं तर ती विझलेली नाही.

पाणी सगळं घरून. माणशी दिवसाला एक गॅलन हे कमीत कमी, आपल्या स्वयंपाकाला आणि भांड्यांना धरून त्याहून जास्तच ठेवा. जंगलात गुरांसाठी बांधलेली तळी दिसतील, तिथे जाऊन तंबू टाकायचा मोह होतो, पाणी असतं, छान दिसतं. टाकू नका. ॲरिझोनाच्या कायद्यात अशा पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत कॅम्प करायला मनाई आहे, जिथे तुमच्यामुळे जनावरांचं जवळपासचं एकुलतं पाणी अडत असेल तिथे. एल्क, म्हणजे इथली मोठी हरणं, पहाटे पाण्यावर येतात आणि माणूस दिसला की न पिता परत फिरतात. कोरड्या महिन्यात त्यांनी दुसरीकडे कुठे जायचं? लांब थांबलात तर तुम्हाला ते दिसतील तरी, आणि सप्टेंबरमध्ये गेलात तर नर एल्कची ती लांब शिट्टीसारखी हाक रात्रभर ऐकू येते, मुलं अंथरुणात उठून बसतात.

तंबू लावायच्या आधी मान वर करून बघा. वाळलेलं झाड, लटकलेली फांदी असेल तर ती जागा सोडा, वाऱ्याने रात्री पडते. कोरड्या ओढ्याच्या पात्रात सपाट मऊ वाळू असते, झोपायला फार छान वाटते, पण पाऊस दहा मैलांवर पडला तरी पाणी तिथे येतं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमून वीज कडकडते तेव्हा मोकळ्यावर एकट्या उंच झाडाखाली नको, सगळे गाडीत बसा. आणि त्या पावसानंतर मातीचे रस्ते असे निसरडे होतात की फोर व्हील ड्राइव्हही आडवी होते. तिथे घाई करायची नाही, थांबायचं, ऊन पडलं की जमीन पुष्कळदा काही तासांत वाळते, म्हणून खाणं-पाणी एक दिवसाचं जास्त ठेवायचं. रात्री थंडी असते हो, जूनमध्येसुद्धा पारा 40 फॅरनहाइटच्या घरात उतरतो, आपण खालून टीशर्टवर जातो आणि मग सगळे कुडकुडतात.

पॉन्डरोसा पाइनच्या खोडाला दुपारच्या उन्हात नाक लावून बघा, व्हॅनिलासारखा वास येतो. मुलांना नक्की दाखवा.

जेवणाचं थोडं. फोडणी, तळण, उरलेला भात, कांद्याची सालं, यातलं काहीही झाडामागे टाकू नका, सेंद्रिय आहे, कुजेल, असं म्हणून तर नकोच. त्या कोरड्या हवेत संत्र्याचं साल महिनोन्महिने तसंच पडून राहतं, आणि खरकट्याला चटावलेला प्राणी पुढच्या माणसाच्या तंबूत शिरतो. भांड्यांचं पाणी गाळून 200 फूट लांब शिंपडा, गाळ पिशवीत. रात्री सगळं अन्न गाडीत बंद. आणि स्पीकर घरी ठेवा, पाइनच्या जंगलात आवाज फार लांब जातो, पलीकडच्या फाट्यावर कुणीतरी शांततेसाठीच आलेलं असतं.

आपल्या मंडळांसाठी एक. सगळ्यांनी मिळून जाऊ म्हणता म्हणता आपली संख्या कशी वाढते ते आपल्याला ठाऊक आहे. 75 किंवा त्याहून जास्त माणसं एका ठिकाणी जमणार असतील तर फॉरेस्ट सर्व्हिसची परमिट लागते, आधी अर्ज करावा लागतो. पण मी म्हणेन परमिट मिळत असली तरी चार-पाच कुटुंबांच्या वर जाऊ नका, दगडांची एक चूल आणि तीन तंबूंची जागा शंभर माणसांसाठी नसते.

पहिल्यांदाच जाणार असाल आणि एवढं सगळं ऐकून दडपण आलं असेल तर स्नोबोल रोडवरून फुटणाऱ्या फ्रीडलाइन प्रेरी रोडपासून सुरुवात करा, म्हणजे फॉरेस्ट रोड 522. तिथे जागांना नंबर लावलेले आहेत, कुठे थांबायचं हा प्रश्न येत नाही, बाकी सगळं तसंच, नळ नाही, संडास नाही. रस्ता खडबडीत आहे, गाडीचं फोनवर विचारून घ्या. आणि ग्रँड कॅनियनला जाऊन यायचं असेल, पार्कमधलं काहीच मिळालं नसेल, तर साउथ रिमच्या दाराबाहेर टुसायान गाव आहे, त्याच्या दक्षिणेला लगेच फॉरेस्ट रोड 302 लागतो, तो कैबाब नॅशनल फॉरेस्टमध्ये येतो. तिथला नकाशा वेगळा, डाउनलोड वेगळा करावा लागेल, आणि रेंजर ऑफिसही वेगळं, तर फोनही तिकडे करा. शुक्रवारी निघणार असाल तर गुरुवारी दुपारपर्यंत करून ठेवा.