होडीच्या मागे लावायचं जुनं आऊटबोर्ड इंजिन बॅटरी चार्ज करत नाही? रेक्टिफायर विकत घेण्याआधी हे बघा

(कॅमेरा मीटरवर)

इंजिन चालू आहे, प्रोब बॅटरीवर आहेत आणि आकडा 12.3 व्होल्टवर ठाण मांडून बसलाय. थ्रॉटल वाढवला तरी ढिम्म. म्हणजे चार्जिंग नाही. इथे बरेच जण थेट दुकान गाठतात, नवा रेक्टिफायर (इंजिनच्या एसीचा डीसी करणारा भाग) बसवतात आणि थोड्याच दिवसांत तोही जातो. रेक्टिफायर सहसा आपणहून जात नाही, त्याला कोणीतरी घालवतं. आधी ते शोधायचं.

आपण बघतोय सेल्फ-स्टार्टचं जुनं टू-स्ट्रोक, 30-40 हॉर्सपॉवरचं, रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) नसलेलं. किनाऱ्यावरच्या दोरी ओढून चालू होणाऱ्या बहुतेक मशीनना बॅटरीच नसते, त्यांनी हा व्हिडिओ सोडला तरी चालेल.

रचना सोपी आहे. फ्लायव्हीलच्या आत चुंबक, खाली स्टेटरची, म्हणजे न फिरणाऱ्या भागाची कॉइल. फ्लायव्हील फिरलं की एसी तयार होतो, रेक्टिफायरचे चार डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) त्याचा डीसी करतात आणि तो लाल वायरने बॅटरीला जातो. अशा मशीनचं चार्जिंग 6 अँपिअरच्या आसपास, तेही भरपूर आरपीएमला. आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता, जवळजवळ शून्य. दिवसभर हळू चालवून वर फिश फाइंडर आणि दिवे लावले तर बॅटरी उतरणारच. तो बिघाड नाही, हिशोब आहे.

आता बॅटरी. रात्रभर स्वस्थ ठेवून मोजा: 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. 12 च्या खाली असेल तर आधी बाहेरच्या चार्जरवर लावा. मेलेल्या बॅटरीवर घेतलेल्या कुठल्याच रीडिंगला अर्थ नाही.

मग टर्मिनल. विंग नट असतील तर काढून फेका, साधे नट आणि स्प्रिंग वॉशर लावून पान्याने आवळा. धक्क्यांनी विंग नट सैल होतात, चालत्या इंजिनवर बॅटरी क्षणभर तुटते, व्होल्टेज उसळतं आणि डायोड उडतात. रेक्टिफायरचा पहिला मारेकरी हाच. दुसरा म्हणजे घाईत उलटी जोडलेली बॅटरी. तिथे एकदा ठिणगी उडाली तरी पुरे. म्हणूनच इंजिन चालू असताना टर्मिनल काढून ‘चार्जिंग बघायची’ सवय सोडा.

फ्यूज बघा. मग लाल वायर: खाऱ्या हवेत तांबं इन्सुलेशनच्या आत हिरवं होतं आणि बाहेरून वायर नवी दिसते. बॅटरी अर्धी उतरलेली असताना इंजिन वेगात ठेवा, एक प्रोब रेक्टिफायरच्या लाल टोकावर, दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर किंवा जोड खराब. इंजिन पाण्यातच चालवा, कोरडं नाही, इम्पेलर (थंड करायचं पाणी खेचणारा पंखा) जाईल.

(कॅमेरा वायरिंगवर)

आता स्टेटर. रेक्टिफायरकडे जाणाऱ्या त्याच्या दोन वायरी सोडवा. बऱ्याच मशीनमध्ये पिवळ्या, यामाहात बहुधा हिरव्या. इग्निशनच्या वायरींना हात लावू नका, तिथे शेकडो व्होल्ट असतात. इंजिन बंद ठेवून दोन्हींमधला रेझिस्टन्स मोजा, साधारण 1 ओहमच्या खाली येतो. प्रोबच्या वायरींचे 0.2-0.3 त्यात असतात, ते वजा करा. प्रत्येक वायर ते इंजिनची बॉडी मात्र पूर्ण ओपन हवी, म्हणजे मीटरने काहीच जोड दाखवायला नको. इतक्या कमी ओहममध्ये शॉर्ट झालेले वेढे स्वस्त मीटरला कळत नाहीत, म्हणून माझा भर एसी व्होल्टेजवर आहे: टोकं एकमेकांना लागू न देता इंजिन चालू करा, मीटर एसीवर, थ्रॉटलबरोबर आकडा चढला पाहिजे. नेमका किती हवा ते मॅन्युअल सांगेल. चढलाच नाही तर फ्लायव्हील काढायचं, पुलर (ते ओढून काढायचं अवजार) लावून, हातोड्याने नाही. चुंबक सुटतात.

शेवटी रेक्टिफायर. सगळ्या वायरी सोडवा, मीटर डायोड मोडवर. लाल प्रोब रेक्टिफायरच्या पिवळ्या वायरीवर, काळा प्रोब त्याच्याच लाल वायरीवर: 0.4 ते 0.7 व्होल्ट. प्रोब उलटे केले की ओपन. दुसऱ्या पिवळीवर तेच. मग लाल प्रोब ग्राउंडवर, म्हणजे रेक्टिफायरच्या धातूच्या बुडावर, काळा प्रोब एकेका पिवळीवर: पुन्हा 0.4 ते 0.7, उलटं केलं की ओपन. एकूण आठ रीडिंग.

एक डायोड दोन्हीकडून ओपन असेल तर चार्जिंग निम्म्यावर येतं, बंद पडत नाही, म्हणून लक्षातच येत नाही. दोन्हीकडून शून्य म्हणजे शॉर्ट, आणि हा जास्त वाईट. यात स्टेटरची कॉइल स्वतःवरच शॉर्ट होते, तापते, जळते. रेक्टिफायर न तपासता नवा स्टेटर टाकलात तर तोही त्याच वाटेने जाईल. जुन्या मशीनचा टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा काटा) बहुधा याच एसी वायरीवरून चालतो. चार्जिंगबरोबर तोही बंद पडला असेल तर संशय स्टेटर-रेक्टिफायरवरच ठेवा.

नवा बसवताना बुडाखालचा रंग आणि गंज खरवडून उघडं धातू करा, ग्राउंड तिथूनच मिळतो. इंजिन वेगात असताना बॅटरीवर 13.5 ते 14.5 व्होल्ट हवेत. रेग्युलेटर नसल्याने बॅटरी भरल्यावर आकडा 15 च्या वर जाऊ शकतो. अशा मशीनवर सीलबंद बॅटरी लावू नका. पाणी टाकायचीच घ्या आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघत राहा.