विषाणूला जिथे माघार घेता येत नाही

मित्रहो, एचआयव्हीची लागण होऊनही एकही गोळी न घेता वर्षानुवर्षं धडधाकट राहणारी माणसं आहेत. शंभरात एकही नाही, इतकी कमी, पण आहेत. त्यांच्या रक्तात दर मिलिलिटरला विषाणूच्या ५० प्रतीही सापडत नाहीत. डॉक्टर त्यांना ‘एलिट कंट्रोलर’ म्हणतात. या माणसांत वेगळं काय आहे, हा आजचा विषय.

उत्तराचा पहिला धागा १९९६ साली हाती लागला. पेशीत शिरताना विषाणूला सीसीआर५ नावाचं प्रथिन लागतं. काही लोकांत या प्रथिनाच्या जनुकातली ३२ अक्षरं गळालेली असतात. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून असंच जनुक आलं, तर विषाणूला सहसा आत शिरताच येत नाही. बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राउन यांना २००७ साली ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगासाठी, अशाच दात्याच्या मूळपेशी दिल्या आणि ते एचआयव्हीतून बरे झाले. मात्र ही देणगी उत्तर युरोपीय वंशाच्या साधारण एक टक्का लोकांत दिसते. आपल्याकडे ती अतिशय दुर्मीळ आहे. आणि लागण टळणं वेगळं, झालेली लागण काबूत ठेवणं वेगळं. मला जास्त मोलाचं वाटतं ते दुसरं.

संशोधक ब्रूस वॉकर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ९७४ कंट्रोलर आणि आजार वाढत गेलेले २,६४८ रुग्ण यांचे जनुकसंच ताडून पाहिले. तीनशेहून अधिक ठिकाणी ठळक फरक निघाले, आणि ते सगळे सहाव्या गुणसूत्राच्या एकाच पट्ट्यात, एचएलए जनुकांच्या आसपास. एचएलए प्रथिनं पेशीच्या आत तुटलेल्या प्रथिनांचे छोटे तुकडे बाहेर आणून दाखवतात. त्यात विषाणूचा तुकडा दिसला की रोगप्रतिकारशक्तीच्या मारक टी पेशी ती पेशीच संपवतात. प्रत्येकाच्या एचएलएला एक खाच असते आणि तिच्या घडणीनुसार कोणता तुकडा बसणार हे ठरतं. कंट्रोलर आणि इतर रुग्ण यांच्यातला मुख्य फरक या खाचेतल्या मोजक्या अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांचा, निघाला. एवढ्याशा जागेवर आजाराची चाल इतकी अवलंबून असावी, याचं मला आजही नवल वाटतं.

एक उदाहरण जवळून पाहू. एचएलए-बी५७ हा एचएलएचा एक प्रकार असलेल्या माणसाच्या पेशी विषाणूच्या कवचातला दहा अमिनो आम्लांचा एक तुकडा दाखवतात. टी पेशींचा मारा चुकवायला विषाणू त्यातलं तिसरं आम्ल बदलतो, थ्रिओनिनच्या जागी अस्परॅजिन आणतो. सुटका होते, पण कवचाचा हा भाग वाड्याच्या कमानीतल्या मधल्या दगडासारखा आहे. तो बदलला की सगळी बांधणीच कमकुवत होते. असा विषाणू हळू वाढतो. बी५७ नसलेल्या माणसाकडे गेला की बहुधा पुन्हा मूळ रूपावर येतो. म्हणजे या लोकांच्या शरीराने विषाणूची अशी जागा धरली आहे, जिथून त्याला किंमत मोजल्याशिवाय हलता येत नाही. लस शोधणाऱ्यांनी याच जागांवर नेम धरावा, असं मला मनापासून वाटतं.

पण याला ‘चांगलं जनुक’ म्हणू नका. बी२७ हा एचएलएचा दुसरा प्रकारही एचआयव्हीला रोखतो, आणि तोच अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसशी, पाठीचा कणा आखडवणाऱ्या आजाराशी, जोडलेला आहे. बी५७:०१ हा बी५७चा उपप्रकार असलेल्यांना अबाकाविर या एचआयव्हीच्याच औषधाची जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. शिवाय बी५७ असूनही अनेकांचा आजार वाढतो. एचएलए आणि सीसीआर५ मिळून व्हायरल लोडमधल्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणातल्या, फरकाचा जेमतेम पाव हिस्सा उलगडतो. म्हणून जनुकतपासणीच्या भरवशावर कुणीही एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, थांबवू नये.

उरलेला हिस्सा कुठे आहे? त्यातला एक तुकडा २०२३ साली मिळाला. आफ्रिकी वंशाच्या सुमारे ३,९०० लोकांच्या अभ्यासात पहिल्या गुणसूत्रावर सीएचडी१एल या जनुकापाशी काही बदल सापडले. ते असलेल्यांचा व्हायरल लोड कमी होता. प्रयोगशाळेत हे जनुक बंद केलं तेव्हा मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींत विषाणू जास्त वाढला. हे बदल आफ्रिकी वंशाबाहेर जवळपास आढळत नाहीत. मग युरोपीय नमुने कितीही तपासले असते, तरी ते कसे दिसणार?

आपला प्रश्न इथेच सुरू होतो. भारतात मुख्यतः सी उपप्रकाराचा विषाणू आहे आणि आपली एचएलए विविधता अफाट आहे. पुण्यात भोसरीला १९९२पासून एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. पण २०१७पासून आपल्याकडे निदान होताच उपचार सुरू होतात. तेच योग्य आहे. रुग्णाला विनाऔषध ठेवून अभ्यास करणं पाप ठरेल. त्यामुळे उपचाराविना शरीर विषाणूला किती रोखतं, हे आता प्रामुख्याने आधीच्या वर्षांत साठवलेल्या रक्तावरूनच कळू शकतं. देशात जिथे जिथे असे नमुने रुग्णांच्या संमतीनिशी जपलेले आहेत, तिथे त्यांचं जनुकवाचन व्हायला हवं आणि त्यासाठी पैसा उभा राहायला हवा. नमुनेही कायम टिकत नाहीत.